एकाच वाक्यातून सहा अलंकार

उपमा, उत्प्रेक्षा आणि रूपक मुलं हमखास एकमेकांत मिसळतात, कारण प्रत्येक अलंकाराचं उदाहरण वेगळं असतं. त्याऐवजी उपमेय (ज्याची तुलना करायची ते) आणि उपमान (ज्याच्याशी तुलना करायची ते) तेच ठेवा, फक्त वाक्य फिरवा.

१. फळ्यावर दोनच शब्द लिहा: आजीचा हात (उपमेय), मोरपीस (उपमान).

२. खाली एकेक वाक्य मुलांकडूनच काढून घ्या.
उपमा: आजीचा हात मोरपिसासारखा हळुवार आहे.
उत्प्रेक्षा: आजीचा हात म्हणजे जणू मोरपीसच!
रूपक: आजीच्या हाताचं मोरपीस गालावरून फिरलं.
अपन्हुती: हा आजीचा हात नव्हे, हे तर मोरपीस!
व्यतिरेक: आजीचा हात मोरपिसाहूनही हळुवार आहे.
अनन्वय: आजीचा हात आजीच्या हातासारखाच! (इथे मात्र उपमानही आजीचा हातच.)

३. प्रत्येक वाक्यात नेमकं काय बदललं, तेवढ्याखाली रंगीत खडूने रेघ मारा. रूपकापाशी थोडं थांबा. तिथे ‘सारखा’ही नाही आणि ‘जणू’ही नाही, दोन्ही गोष्टी एकच झाल्या आहेत. हे मुलांच्या तोंडून येईपर्यंत पुढे जाऊ नका, सगळा घोळ इथेच असतो.

४. आता जोडी मुलांना निवडू द्या. त्यांच्या घरातली, शेतातली जोडी आली की वाक्यं भराभर सुचतात आणि लक्षातही राहतात.

एक सांभाळा: नुसता शब्द पाहून अलंकार ठरवू देऊ नका. ‘बाळ सारखं रडतं’ किंवा ‘पुण्यासारख्या शहरात घर महाग’ यांत उपमा नाही. कशाची तुलना कशाशी, हे आधी विचारा.