नीडलला हात लावण्याआधी : अडून बसलेल्या ग्लो इंजिनाची तयारी

मॉडेल विमानाचं ग्लो इंजिन, म्हणजे ठिणगीऐवजी तापलेल्या प्लगने इंधन पेटवणारं छोटं इंजिन, सुरू झालं नाही की मैदानावर पहिला हात नीडलकडे, म्हणजे इंधन कमीजास्त करणाऱ्या स्क्रूकडे जातो. अर्धा फेरा उघड, पाव फेरा मीट, पुन्हा उघड. थोड्या वेळाने नीडल मुळात कुठे होती हेच कुणाला सांगता येत नाही आणि खरा दोष जिथल्या तिथे राहतो. गेल्या रविवारी नीट चाललेल्या इंजिनाची नीडल आठवडाभरात आपसूक बिघडत नाही. प्लग, सेल, इंधन आणि नळ्या मात्र बिघडतात. म्हणून तपासणी त्याच क्रमाने करावी, आणि तीही जमेल तेवढी आदल्या संध्याकाळी घरीच. इथले आकडे ४६ आकाराच्या, म्हणजे साधारण साडेसात सीसीच्या टू-स्ट्रोक ग्लो इंजिनाचे आहेत. शिकाऊ विमानांवर बहुतेक वेळा हेच असतं.

आधी प्लग काढा, इग्नायटरला, म्हणजे प्लग तापवणाऱ्या सेलच्या दांडीला लावा आणि सावलीत धरून बघा. प्लगमधली बारीक तार, म्हणजे कॉइल, पूर्ण, एकसारखी आणि झळझळीत केशरी पेटली पाहिजे. मंद लाल दिसली तर सेल उतरलेला आहे. अर्धीच पेटली तर कॉइलचे वेढे एकमेकांना चिकटलेले आहेत, तो प्लग बाद. वेढे वाकडेतिकडे किंवा खरबरीत राखाडी झाले असतील तरी बाद. मात्र पेटला म्हणजे चांगला, असं नाही. इंजिन चालू झाल्यावर इग्नायटर काढला तरी प्लग तापलेला राहतो, त्याला दर फेऱ्याच्या दाबाची आणि जळणाची उष्णता तर कारण आहेच, पण कॉइलमधल्या प्लॅटिनमवर इंधनातल्या मिथेनॉलची वाफ येऊन होणारी क्रियाही तितकीच महत्त्वाची. प्लॅटिनमचा पृष्ठभाग खराब झाला की सेलवर प्लग झकास पेटतो आणि इग्नायटर काढताच इंजिन मरतं. अशा वेळी विचार करत बसू नये, नवा प्लग लावावा. पेटीत दोन जादा प्लग असायलाच हवेत.

इग्नायटरची परीक्षा नुसत्या मल्टीमीटरवर करू नका. भार नसताना थकलेला सेलही १.२ व्होल्ट दाखवतो, पण प्लग तीनेक अँपिअर ओढायला लागला की तो बसतो. त्यामुळे मोजायचं ते प्लग लावलेला असताना. इग्नायटरच्या तोंडात जळलेल्या तेलाचा थर साचतो, तो कापडाने पुसून काढा. आणि ३.७ व्होल्टचा लिथियम सेल थेट जोडण्याचा मोह टाळा, कॉइल क्षणात जाते. प्लग बसवताना तांब्याची वायसर आहे ना बघा, आटे आधी बोटांनी पकडवा आणि शेवटी पाना हलकाच आवळा. हेड, म्हणजे सिलिंडरचं वरचं झाकण, ॲल्युमिनियमचं असतं, आटे गेले की काम वाढलं.

पुढे इंधन. मिथेनॉल हवेतली ओल शोषतं, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात अर्धा रिकामा, झाकण सैल असलेला डबा कोकणात काय पुण्यातही टिकत नाही. शंका आली की गाळण्यापेक्षा ताजा डबा उघडून बघावा, उत्तर लगेच मिळतं. नायट्रोमिथेन ५ ते १५ टक्के आणि तेल १८ ते २० टक्के, त्यात थोडं एरंडेल, एवढं मिश्रण या इंजिनाला पुरतं. पेट्रोल इथे चालत नाही: प्लॅटिनमची ती क्रिया मिथेनॉलशी होते आणि सिलिकॉनच्या नळ्या पेट्रोलने फुगतात.

सगळ्यात जास्त वेळ टाकीला द्या. टाकीतल्या लवचीक नळीच्या टोकाचं वजन विमान हलवल्यावर टाकीत सगळीकडे खुळखुळलं पाहिजे. जोरात आपटलेल्या लँडिंगनंतर ते पुढे जाऊन अडकतं, मग टाकी भरलेली आणि इंजिन उपाशी. नळ्यांना निपलपाशी, म्हणजे नळी ज्या टोकावर बसते तिथे, बारीक चीर पडते, ती ताणून बघितल्याशिवाय दिसत नाही. कार्ब्युरेटरला इंधन नेणारी आणि सायलेन्सरमधून टाकीत दाब आणणारी नळी अदलाबदल झाली नाही ना, हेही बघा. हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा घडतं, विशेषतः टाकी बाहेर काढून परत बसवल्यावर. टाकीची मध्यरेषा नीडलच्या पातळीला किंवा सेंटीमीटरभर खाली असावी. टाकी फार वर असेल तर उभ्याउभ्या इंजिनात इंधन झिरपतं.

भरतानाची एक चूक इथेच सांगायला हवी. कार्ब्युरेटरच्या नळीतून भरत असाल तर ती तिथून काढा, आणि दाबाची नळीही सायलेन्सरवरून काढून मोकळी ठेवा. नाहीतर टाकी भरून वाहिलेलं इंधन सायलेन्सरमध्ये आणि तिथून सिलिंडरमध्ये जातं. भरून झाल्यावर दोन्ही नळ्या परत लावा. दाबाची नळी विसरलात तर इंजिन सुरू होईल, पण वर गेल्यावर लीन होऊन, म्हणजे इंधन कमी पडून, बंद पडेल.

आता कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब. इग्नायटर न लावता प्रॉप (पंखा) हाताने सावकाश फिरवा. पिस्टन वर येताना जोराचा अडथळा आणि पुढे सुटल्यावर उसळी जाणवली पाहिजे. नवं एबीसी (ॲल्युमिनियमचा पिस्टन, क्रोम चढवलेलं पितळी सिलिंडर) इंजिन थंड असताना वरच्या टोकाला घट्ट लागतं, कुरकुरतं. तो दोष नाही. अडथळाच लागत नसेल तर प्लग, हेडचे आणि मागच्या झाकणाचे स्क्रू आवळा. प्लगभोवती तेलाचे बुडबुडे येत असतील तर गळती तिथेच आहे. वर्षभर पडलेलं इंजिन अजिबात फिरत नसेल तर एरंडेल आत गोठलेलं असतं. प्लग काढून थोडं हलकं तेल सोडा, हेअर ड्रायरने गरम करा, थोडा वेळ थांबून हाताने हलवा. पक्कड लावायची नाही.

मैदानावर थ्रॉटल पूर्ण उघडा, इग्नायटर न लावता व्हेंचुरीवर, म्हणजे कार्ब्युरेटरच्या हवेच्या तोंडावर, बोट ठेवून प्रॉप फिरवा आणि नळीकडे बघा. इंधन सरकत आलं की आणखी दोन फेरे, बस. बुडबुडे येत असतील तर नळीला किंवा टाकीच्या बुचाला गळती आहे. काहीच हललं नाही तर नीडलची वेळ आता आली: मिटेपर्यंतचे फेरे मोजून लिहून ठेवा, मग ती पूर्ण बाहेर काढून आतून इंधन दाबाने सोडा. अडकलेला कण बहुधा निघतो. परत मिटवून मोजलेल्या जागी आणा. आकडाच माहीत नसेल तर इंजिनाच्या पत्रकात बघा. तेही नसेल तर दोन ते अडीच फेरे उघडून सुरुवात करा.

मग थ्रॉटल पाव उघडा, विमान कुणीतरी मागून घट्ट धरावं, इग्नायटर लावा आणि बोटाने नव्हे, काठीने किंवा स्टार्टरने फिरवा. एकदाही फट् असा आवाज आला नाही तर प्लग किंवा कोरडं इंजिन. दोन सेकंद चालून थांबलं तर आत ओढलेलं इंधन जळलं, टाकीतलं येत नाही. उलटा झटका देऊन प्रॉप सैल झाला तर इंजिन फ्लड झालंय, म्हणजे आत जास्त इंधन साचलंय. इग्नायटर काढल्यावर मेलं तर मिश्रण फार रिच, म्हणजे त्यात इंधन जास्त, किंवा प्लग गेलेला. थ्रॉटल उघडताना मेलं तर बहुधा लीन, अशा वेळी नीडल पाव फेरा उघडायला हरकत नाही. डिसेंबरच्या सकाळी मिथेनॉलची वाफ नीट होत नाही, तेव्हा बोट ठेवून एक-दोन फेरे जास्त द्या.

फ्लड झालेल्या इंजिनाला स्टार्टर लावू नका. सिलिंडरमधलं द्रव इंधन दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढा, विमान उलटं करा, थ्रॉटल उघडून प्रॉप दहा-बारा वेळा फिरवा, प्लग कोरडा करून परत लावा. स्टार्टर लावण्याआधी दरवेळी हाताने दोन पूर्ण फेरे द्यायचेच. मिथेनॉलची ज्वाला उन्हात जवळपास दिसत नाही, म्हणून पाण्याची बाटली आणि ओलं फडकं हाताशी ठेवा, डबा दहा पावलं दूर.

परतताना टाकी रिकामी करा, नळी काढून इंजिन थांबेपर्यंत चालवून आतलं उरलेलं इंधन संपवा आणि प्लगच्या भोकातून व व्हेंचुरीतून काही थेंब गंजरोधक तेल टाकून प्रॉप फिरवा. मिथेनॉलमधली ओल आत राहिली तर बेअरिंग गंजतात.