नाक वळेल तिकडे अंग: पिल्लाला खाऊच्या मदतीने बसायला, आडवं व्हायला आणि उभं राहायला शिकवताना

पिल्लाच्या नाकाजवळ खाऊचा तुकडा धरून हात सावकाश हलवला की नाक त्याच्या मागे जातं. नाक वर आणि थोडं मागे गेलं की ढुंगण खाली टेकतं, आणि सरळ पुढे गेलं की बसलेलं पिल्लू उठतं. बसणं, आडवं होणं आणि उभं राहणं या तिन्ही स्थिती नाकाला तीन वेगळे रस्ते दाखवून शिकवता येतात. 'आमचं पिल्लू हट्टी आहे' ही तक्रार नीट तपासली, तर बहुतेक वेळा हात चार बोटं जास्त उंच गेलेला असतो नाहीतर फार घाईने हललेला असतो.

आठ आठवड्यांचं पिल्लूही हे शिकू शकतं. नव्या घरात दोन-तीन दिवस रुळू द्या, मग सुरुवात करा.

खाऊ किती आणि कसला

तुकडा मटारच्या दाण्याएवढा हवा, लहान जातीच्या पिल्लासाठी त्याच्या निम्मा. तो मऊ असावा आणि न चावता गिळता यावा. कडक बिस्किट दिलं तर पिल्लू ते कुरतडत बसतं, चुरा हुंगत जमिनीवर फिरतं आणि दहा सेकंदांपूर्वी आपण काय केलं होतं ते विसरतं. हाडं काढलेलं, मीठ-मसाल्याशिवाय उकडलेलं चिकन चांगलं. रोजच्या कोरड्या खाद्याचे दाणे पिल्लू आवडीने खात असेल तर त्यावरही काम भागतं.

दिवसभरातल्या एकूण कॅलरींपैकी वरच्या खाऊचा वाटा 10 टक्क्यांच्या आत ठेवावा. समजा पिल्लाचा दिवसाचा आहार 400 किलोकॅलरींचा आहे, तर खाऊच्या वाट्याला 40 येतात. उकडलेल्या चिकनच्या छातीच्या मांसाचं हे साधारण 25 ग्रॅम झालं. त्याचे अर्ध्या ग्रॅमचे 50 तुकडे होतात आणि दिवसभराच्या सरावाला ते पुरतात. त्याहून जास्त लागले तर सकाळीच दिवसाचं खाद्य मोजून त्यातले मूठभर दाणे सरावासाठी बाजूला काढा. नवा पदार्थ पहिल्या दिवशी दोन-तीन तुकडेच द्या, पोट बिघडत नाही ना ते बघा.

चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण आणि झायलिटॉल घातलेला कोणताही पदार्थ कुत्र्यांसाठी विषारी आहे. झायलिटॉल म्हणजे साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ. तो साखरविरहित गोळ्यांत आणि काही पीनट बटरमध्ये असतो, तेव्हा डब्यावरचे घटक वाचल्याशिवाय काही देऊ नका.

सरावाची वेळ

एका वेळी एक ते दोन मिनिटं, आठ-दहा प्रयत्न, दिवसातून तीन-चार वेळा. पिल्लू नुकतंच लघवी करून आलेलं असावं आणि जेवणाच्या थोडं आधीची वेळ असावी. फार भुकेलेलं पिल्लू शिकत नाही, हात चावतं. खोली शांत हवी आणि शिकवणारा माणूस एकच. जमीन गुळगुळीत असेल तर चटई किंवा रबरी मॅट घाला. पाय घसरू लागले की पिल्लू तोल सावरण्यात गुंततं आणि आडवं व्हायला तर साफ नकार देतं.

पहिल्या सरावाआधी एक खुणेचा शब्द पक्का करा. 'येस' हा छोटा आणि ठसठशीत आहे, क्लिकर (दाबला की 'टिक' असा आवाज करणारी छोटी डबी) असेल तर तोही चालतो. पिल्लाकडून काहीही करून न घेता 'येस' म्हणा आणि लगेच तुकडा द्या. असं दहा-पंधरा वेळा करा. त्यानंतर पिल्लाने योग्य स्थिती घेतली की त्याच क्षणी 'येस' म्हणायचं आणि मगच खाऊकडे हात न्यायचा. हा क्रम उलटला, म्हणजे हात आधी हलला, तर पिल्लू शब्द ऐकत नाही, हातावर नजर ठेवतं. शब्द एक-दोन सेकंद उशिरा आला तरी घोटाळा होतो: तोवर पिल्लू उठलेलं असतं आणि शाबासकी उठण्याला मिळते.

बसणं

तुकडा अंगठा आणि पहिल्या दोन बोटांत धरा, तळवा वरच्या बाजूला. पिल्लू उभं असताना हात नाकापासून दोन-तीन सेंटिमीटरवर आणा आणि त्याला हुंगू द्या. मग हात दोन डोळ्यांच्या मधून डोक्याच्या मागच्या बाजूला, जवळजवळ कपाळाला चाटून जाईल इतका खालून, सावकाश न्या. ढुंगण जमिनीला टेकलं की 'येस', आणि तुकडा पिल्लू बसलेलं असतानाच तोंडाशी पोचवा. तुकडा उंच धरला तर ते तो घ्यायला उठतं.

पुढचे पाय उचलून उडी मारत असेल तर हात उंच आहे, खाली आणा. मागे मागे सरकत असेल तर हात फार वेगाने किंवा फार मागे जातोय. वेग कमी करा आणि पिल्लाची पाठ भिंतीकडे किंवा कोपऱ्याकडे येईल असं उभं करा. बोटं चावत असेल तर तुकडा मुठीत बंद करा, मूठ न हलवता धरा. चावणं थांबून नुसतं हुंगणं सुरू झालं की मग हात हलवा आणि बक्षीस उघड्या तळव्यावर ठेवून द्या.

ढुंगण हाताने दाबून बसवण्याचा मोह टाळा. दाब आला की कुत्रं त्याच्या विरुद्ध जोर लावतं, त्यामुळे पाय उलट ताठ होतात. शिवाय वाढत्या वयातल्या खुब्याच्या सांध्यांवर असा जोर पडू नये. आणि पिल्लू एवढंच शिकतं की माणसाचा हात पाठीवर आला की काहीतरी नकोसं होतं.

आडवं होणं

तिन्हींत हे अवघड. आडवं झालेलं कुत्रं पटकन पळू शकत नाही, त्यामुळे बुजऱ्या पिल्लाला ही स्थिती असुरक्षित वाटते. पिल्लू बसलेलं असू द्या. तुकडा नाकाशी धरा आणि सरळ खाली, पुढच्या दोन पंजांच्या मधोमध जमिनीपर्यंत न्या. तिथे दोन-तीन सेकंद थांबा. नाक खाली आलं, खांदे उतरले, की हात जमिनीवरून तुमच्या दिशेने अगदी हळू ओढा, फार तर एक वीतभर. आधी सरळ खाली, मग जमिनीलगत पुढे, असा काटकोनी रस्ता आहे. कोपरं टेकली की 'येस'. खाऊ जमिनीवरच, पंजांच्या मध्ये ठेवा.

सगळ्यात नेहमीची अडचण म्हणजे पुढचं अंग खाली जातं आणि ढुंगण वर उठतं. हात पुढे लवकर गेला किंवा लांब गेला की असं होतं. पुढे ओढणं बंद करा, पंजांच्या मध्येच जास्त वेळ थांबा. काही पिल्लांच्या बाबतीत हात पुढे ओढण्याऐवजी किंचित छातीच्या दिशेने ढकलला की ती आपोआप दुमडून खाली बसतात.

तरीही जमत नसेल तर काम तुकड्यांत वाटा. पहिल्या दिवशी नाक जमिनीला लागलं की बक्षीस. मग एक कोपर वाकलं की, मग दोन्ही टेकली की. हेही अडलं तर जमिनीवर बसून एक गुडघा वाकवा, पायाखाली बोगदा करा आणि तुकडा त्याखालून ओढा. पलीकडे पोचायला पिल्लाला सरपटावंच लागतं. पोटावर केस कमी असलेल्या पिल्लांना थंड किंवा खडबडीत जमीन नको असते, त्यांच्यासाठी मऊ अंथरुणावर सुरुवात करणं शहाणपणाचं.

उभं राहणं

हे बहुतेक जण शिकवतच नाहीत. पण पंजे पुसताना, केस विंचरताना आणि डॉक्टर तपासत असताना हीच स्थिती लागते. बसलेल्या पिल्लाच्या नाकासमोरून तुकडा नाकाच्याच उंचीवर, जमिनीला समांतर, सरळ पुढे ओढा. मागचे पाय सरळ झाले की हात थांबवा आणि 'येस' म्हणा. हात नाही थांबला तर पिल्लू चालायला लागतं, वर गेला तर परत बसतं.

हात रिकामा करा, आणि लवकर करा

शिकवणाऱ्यांचं सगळ्यात जास्त इथेच चुकतं. आठवडाभर हातात खाऊ धरूनच सराव केला तर हातातला खाऊ हाच आज्ञेचा भाग होऊन बसतो. मग पिल्लू आधी हात हुंगतं, आत काही आहे का ते बघतं आणि मग ठरवतं. लोक म्हणतात ते लबाड झालंय. तसं आपणच त्याला शिकवलेलं असतं.

म्हणून खाऊ धरून सलग पाच-सहा प्रयत्न नीट झाले की त्याच बैठकीत हात रिकामा ठेवा. बोटांची ठेवण तीच, रस्ता तोच. पिल्लू बसलं की 'येस', आणि तुकडा दुसऱ्या हाताने, मागे ठेवलेल्या वाटीतून किंवा कमरेच्या पिशवीतून. फसलं तर दोनदा खाऊ धरून करा आणि पुन्हा रिकाम्या हाताने. दोन-तीन दिवसांत हाताची हालचाल छोटी करत न्या. तळवा वर करून उचललेला हात म्हणजे बसणं आणि तळवा जमिनीकडे करून खाली आणलेला हात म्हणजे आडवं होणं, अशा खुणा यातूनच तयार होतात.

शब्द सगळ्यात शेवटी

रिकाम्या हाताच्या खुणेवर दहापैकी आठ वेळा बरोबर झालं की शब्द जोडा. शब्द आधी, मग एक सेकंद थांबणं, मग हाताची खूण. दोन्ही एकदम केलं तर कुत्रं हालचाल वाचतं आणि शब्दाकडे दुर्लक्ष करतं. वीस-तीस वेळा असं झालं की पिल्लू खुणेची वाट न बघता शब्दावर हलू लागतं.

शब्द निवडताना थोडा विचार करा. 'बस' हा सोपा वाटतो, पण घरात दिवसभर 'बस झालं आता', 'बस ना जरा' चाललेलं असतं आणि त्यातलं काहीच पिल्लासाठी नसतं. म्हणून पुष्कळ घरांत 'सिट', 'डाऊन', 'स्टँड' वापरतात. पण मग सोफ्यावरून उतरवायलाही 'डाऊन' म्हणायचं नाही, त्यासाठी 'उतर' ठेवा. शब्द घरातल्या सगळ्यांनी एकच वापरावा आणि एकदाच म्हणावा. 'सिट, सिट, सिट' असं चाललं तर पिल्लाच्या लेखी आज्ञा तीन शब्दांची होते.

अदलाबदल आणि थांबणं

नेहमी बसणं आणि मग आडवं होणं असा क्रम ठेवला तर पिल्लू शब्द न ऐकता दोन्ही एकदम उरकून टाकतं. तीन स्थितींमध्ये एकूण सहा बदल होतात आणि ते सगळे उलटसुलट करून घ्यायचे. आडव्याचं बसणं करताना हात नाकापासून वर आणि किंचित मागे जातो, आडव्याचं उभं करताना वर आणि पुढे.

थांबायला शिकवताना एक सेकंदापासून सुरुवात. 1, 2, 3, 5, मग पुन्हा 2, मग 4. दर वेळी वाढवतच गेलं तर खेळ कठीणच होत जातोय हे पिल्लाच्या लक्षात येतं आणि ते निघून जातं. खाऊ स्थितीत असतानाच द्या, मग 'फ्री' असा मोकळं करणारा शब्द म्हणा, आणि त्यानंतर खाऊ नाही. वेळ, अंतर आणि आजूबाजूची गडबड यांतली एकच गोष्ट एका वेळी वाढवा. दहापैकी आठ बरोबर आले तर पुढची पायरी, पाच किंवा कमी आले तर मागची, मधलं काही असेल तर तिथेच राहा. घरात पक्कं बसणारं पिल्लू अंगणात ऐकत नाही यात नवल नाही. त्याच्यासाठी ती जागा नवी आहे, तिथे पुन्हा हातात खाऊ धरून चार-पाच प्रयत्नांनी सुरुवात करायची.

अंगावर उडी मारणाऱ्या पिल्लाला 'सिट' म्हणून लगेच खाऊ दिला की उडी, बसणं आणि खाऊ अशी साखळी तयार होते आणि उड्या वाढतात. अशा वेळी ते बसल्यावर तीन-चार सेकंद जाऊ द्या, मग बक्षीस. त्याहून बरं म्हणजे उडी मारण्याआधीच बसायला सांगणं.

चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान दात बदलतात, हिरड्या दुखतात, तेव्हा खाऊ आणखी मऊ करा. कोवळ्या वयात एका बाजूला पाय टाकून वाकडं बसणं सहसा काळजीचं नसतं. पण नीट बसणारं पिल्लू अचानक बसायला टाळू लागलं, उठताना कळवळलं, किंवा मागचे दोन्ही पाय जोडून सशासारखं पळू लागलं, तर सराव थांबवून खुबे आणि गुडघे डॉक्टरांकडून तपासून घ्या.