वंशावळ वाचायची ती खोडत खोडत

आनुवंशिकीच्या पहिल्याच परीक्षेत मला तीन पिढ्यांची एक वंशावळ आली होती; त्यातला गुण कसा उतरतो ते सांगायचं होतं. प्रत्येक पिढीत दोन-तीन काळी चिन्हं, म्हणजे तो गुण असलेली माणसं. ‘दर पिढीत दिसतंय, म्हणजे प्रभावी (जनुकाची एकच प्रत मिळाली तरी दिसणारा)’ असं लिहून मी मोकळा झालो आणि शून्य मिळालं. ती वंशावळ ओ रक्तगटाची होती. हा गट अप्रभावी, म्हणजे आई आणि वडील दोघांकडून प्रत मिळाली तरच दिसणारा, पण इतका सर्रास आढळणारा की पिढी सहसा गाळतच नाही. खरं उत्तर कागदावर समोरच होतं: दुसऱ्या पिढीतलं एक जोडपं, दोघंही कोरी, आणि त्यांच्या मुलीचं चिन्ह काळं. त्या तीन चिन्हांकडे मी पाहिलंच नव्हतं, कारण मी एकूण चित्र ‘ओळखत’ बसलो होतो.

तेव्हापासून मी उलटं करतो. चारही शक्यता (प्रभावी की अप्रभावी, एक्स गुणसूत्रावरचा की इतर गुणसूत्रांवरचा) कागदावर लिहितो आणि त्यांना खोटं पाडणारं एकेक कुटुंब शोधतो. उरेल ते उत्तर. कधी दोन उरतात, मग दोन लिहायची. त्यात कमीपणा नाही.

चिन्हांवर फार वेळ घालवू नका. चौरस पुरुष, वर्तुळ स्त्री, काळं भरलेलं म्हणजे बाधित, तिरकी रेघ म्हणजे मृत, दुहेरी रेघ म्हणजे नात्यातलं लग्न. पिढ्यांना रोमन आकडे. ज्याच्यामुळे चौकशी सुरू झाली त्याच्याकडे बाण. एका संध्याकाळचं काम आहे.

वेळ द्यायचा तो त्रिकुटांना: आई, वडील, मूल. दोघं निरोगी आणि मूल बाधित असेल तर गुण बहुधा अप्रभावी. दोघं बाधित आणि मूल निरोगी असेल तर प्रभावी. आणि माझं सर्वांत लाडकं त्रिकूट: निरोगी वडील, निरोगी आई, बाधित मुलगी. इथे एकाच फटक्यात दोन गोष्टी ठरतात. गुण बहुधा अप्रभावी, शिवाय तो एक्स गुणसूत्रावरचा नाही (स्त्रीकडे एक्स दोन असतात, पुरुषाकडे एक एक्स आणि एक वाय). तसा असता तर मुलीला एक दोषी एक्स वडिलांकडून मिळाला असता, आणि वडिलांकडे एक्स एकच, म्हणजे ते स्वतः बाधित असते. परीक्षेत बाधित मुलगी दिसली की आधी तिच्या वडिलांचा चौरस बघा.

एक्सची दुसरी खूण: बापाकडून मुलाकडे तो जातच नाही, मुलाला बाप वाय देतो. त्यामुळे बाप ते मुलगा अशी एक साखळी दिसली, आणि आईच्या बाजूने काही येत नाही याची खात्री असेल, तर एक्सवर काट मारा. इथे मराठीतली नाती कामाला येतात. इंग्रजी पुस्तकात सगळे एकाच शब्दाने ‘कझिन’ असतात. आपल्याकडे नात्याचं नावच रस्ता सांगतं. एक्सवरच्या अप्रभावी आजाराने बाधित मुलगा असेल आणि दोष आईकडून आला असेल, तर मामा आणि मावसभाऊ या दोघांना धोका. मामेभाऊ सुटतो, कारण मामाचा एक्स त्याच्याकडे येत नाही. चुलतभाऊ आणि आतेभाऊ तर त्या वाटेवरच नाहीत. हे एकदा आपल्याच नात्यांवर बोट ठेवून म्हणून बघा, पाठ करावं लागत नाही.

सरावाला इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीचं घराणं घ्या. तिला चार मुलगे; त्यातला लिओपोल्ड एकटाच हिमोफिलियाने (रक्त नीट न गोठण्याचा, एक्सवरचा अप्रभावी आजार) बाधित. थोरला एडवर्ड निरोगी, म्हणून पुढच्या इंग्लिश राजांकडे त्याच्या वाटे हा आजार गेलाच नाही. पण अ‍ॅलिस आणि बिअ‍ॅट्रिस या मुली वाहक होत्या, म्हणजे स्वतः निरोगी पण दोषी प्रत बाळगणाऱ्या. अ‍ॅलिसच्या मुलीचा मुलगा म्हणजे रशियाचा युवराज अलेक्सेई. लिओपोल्डचा मुलगा निरोगी, मुलगी मात्र वाहक, आणि तिचा मुलगा रुपर्ट पुन्हा बाधित: नियम एकाच फांदीवर पूर्ण दिसतो. व्हिक्टोरियाच्या आधीच्या पिढ्यांत या आजाराची नोंद सापडत नाही, म्हणून जनुकातला बदल तिच्यात किंवा तिच्या वडिलांत नव्याने घडला असं मानतात. तो नवव्या रक्तगोठण घटकाच्या जनुकातला आहे, हे 2009 मध्ये अलेक्सेईच्या रोमानोव्ह कुटुंबाच्या अवशेषांवरून कळलं.

मायटोकॉन्ड्रियाचं (पेशीला ऊर्जा देणारे, स्वतःचा वेगळा डीएनए असलेले भाग) थोडक्यात: आई देते ते सगळ्या मुलांना, बाप कुणालाच देत नाही. त्रास मात्र सगळ्यांना सारखा होईलच असं नाही.

आता आकडे, कारण इथे हुशार मुलंही घसरतात. अप्रभावी आजार, आईवडील दोघं वाहक, एक मूल बाधित. त्याच्या निरोगी बहिणीची वाहक असण्याची शक्यता किती? बहुतेक जण 1/2 म्हणतात. पण ती बाधित नाही हे आपल्याला माहीत आहे, म्हणजे चारातली एक शक्यता (दोन्ही प्रती दोषी) आधीच बाद. उरलेल्या तीनपैकी दोन वाहक: 2/3. अशाच दुसऱ्या कुटुंबातल्या निरोगी भावाशी तिचं लग्न झालं, तर पहिलं मूल बाधित होण्याची शक्यता 2/3 × 2/3 × 1/4, म्हणजे 1/9.

आणि ‘चारात एक’ हे प्रत्येक गर्भारपणाला वेगळं लागू होतं. चार मुलं झाली की एक बाधित असणारच, असं नव्हे. चारांपैकी एकही बाधित नसण्याची शक्यता 81/256, म्हणजे जवळपास 32 टक्के. आनुवंशिकीचा पाया घालणाऱ्या मेंडेलला 5474 गोल आणि 1850 सुरकुतलेले वाटाणे मोजता आले म्हणून 3:1 दिसलं. माणसांच्या घरात एवढे वाटाणे नसतात.

पुस्तकातल्या कोऱ्या चौरसावर विश्वास ठेवता येतो, खऱ्या माणसाच्या नाही. हंटिंग्टनचा आजार (मेंदूचा, हळूहळू वाढणारा) प्रभावी, पण लक्षणं बहुधा तिशी ते पन्नाशीत सुरू होतात. पंचविशीतल्या माणसाचा कोरा चौरस म्हणजे ‘अजून नाही’ एवढंच. म्हणून चिन्हाखाली वय लिहायची सवय लावा. उलट, अकॉन्ड्रोप्लेसिया (हाडांच्या वाढीतल्या दोषाने येणारा खुजेपणा) प्रभावी असूनही सुमारे 80 टक्के बाधितांचे आईवडील सामान्य उंचीचे असतात, कारण बदल नव्याने घडलेला असतो. वर ‘बहुधा’ म्हटलं ते यासाठी.

प्रत्यक्ष कामाला लागल्यावर कळलं की अवघड भाग गणिताचा नाहीच, विचारण्याचा आहे. स्नायूंच्या आजाराच्या एका मुलाच्या आईला मी विचारलं, ‘तुमच्याकडे आणखी कुणाला असा त्रास?’ ती म्हणाली, ‘नाही.’ मी कोरं झाड काढून वरिष्ठांपुढे ठेवलं. त्यांनी तिला फक्त एवढंच विचारलं, ‘ताई, भाऊ किती तुम्हाला?’

‘दोन. म्हणजे आता एकच. धाकटा बाराव्या वर्षीच चालायचा थांबला, पुढे गेला तो.’

तिच्या लेखी तो ‘असा त्रास’ नव्हता. त्याला घरात अशक्तपणा म्हणत. आता मी आजाराचं नाव शेवटी घेतो. आधी प्रत्येक भावंड मोजायचं, गेलेली धरून, न जन्मलेले गर्भ धरून, आणि ‘सख्खा का?’ हे दर वेळी विचारायचं. पेन्सिलीने.