कूलर गार हवा देत नाही? या चुका टाळा

आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली की आमच्या अमळनेरच्या दुकानात एकच तक्रार सुरू होते: "भाऊ, कूलर चालू शे, पन हवा गार नई लागस." उघडून बघावं तर मोटर ठणठणीत, पंप पाणी चढवतोय, पंखा गरगर फिरतोय. लोकांना वाटतं कूलरच्या पोटात कुठेतरी थंडी तयार होते. तसं काही नसतं. कूलर पाण्याची वाफ करतो आणि त्या वाफेला लागणारी उष्णता आत येणाऱ्या हवेतून काढून घेतो. बस.

यासाठी पाणी उकळावं लागत नाही. पाण्याचे सगळे रेणू सारख्या वेगाने धावत नसतात. जोमातले रेणू पृष्ठभागावरून निसटतात, मंद मागे राहतात, म्हणून उरलेलं पाणी गार होतं. तिशीतल्या तापमानाला एक ग्रॅम पाणी वाफ होऊन जाताना साधारण ५८० कॅलरी घेऊन जातं. पण हवेत आधीच बाष्प ठासून भरलेलं असेल, तर ते निसटून जाणार कुठे?

तरीही लोक कूलर बंद खोलीत लावतात. माझ्या डोक्यात जाणारी पहिली चूक हीच.

चोपड्याकडच्या एका गावात लग्नघरी नवाकोरा मोठा कूलर आणला होता. माजघराच्या मधोमध ठेवला आणि लू आत येऊ नये म्हणून सगळ्या खिडक्यांना चादरी ठोकल्या. पहिला अर्धा तास मंडळी खूश. मग अंग चिकचिकायला लागलं. यावर नवरदेवाच्या काकांनी उपाय काय केला असेल? भाड्याने दुसरा कूलर आणून शेजारी लावला! मी पोचलो तेव्हा माणसं ओट्यावर उन्हात बसली होती आणि आत खाटेवर वाळत टाकलेल्या बिबड्या (ज्वारीचे पापड) लोळागोळा झाल्या होत्या. काडेपेटी पेटेना. काका म्हणत होते, मोटर बदला, कंपनीने फसवलं. भाड्याचा कूलर मी बंद केला, पहिला ढकलत मागच्या खिडकीपाशी नेला, त्याची पाठ बाहेरच्या हवेला लावली आणि समोरचा दरवाजा सताड उघडला. थोड्याच वेळात ओट्यावरची मंडळी आपणहून आत आली. खिडकी उघडायचे पैसे मागायचे कसे? पेट्रोलचे तेवढे घेतले.

म्हणून सांगतो, कूलरच्या मागून बाहेरची कोरडी हवा आत आली पाहिजे आणि समोरच्या बाजूने ओली हवा बाहेर गेली पाहिजे. मी दरवाजात कागदाचा कपटा धरून बघतो. तो बाहेरच्या दिशेने फडफडला तर ठीक, लोंबकळत राहिला तर अजून एखादी खिडकी उघडायची. "गार हवा बाहेर जाते ना भो" असं म्हणणाऱ्याला मी समजावणं आता सोडून दिलंय.

पावसाळ्याचंही हेच. मे महिन्यात बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर वाऱ्यात टांगलेलं ओलं फडकं २३ अंशांच्या आसपास उतरतं आणि बरा कूलर हवा २८-२९ पर्यंत आणतो. जुलैत ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असली की ते फडकंच २८ च्या खाली जात नाही, मग कूलर कुठून जाणार? तेव्हा पंप बंद ठेवा, नुसता पंखा चालवा. एसी आणि कूलर एकाच खोलीत चालवणाऱ्यांना तर हात जोडतो. एक ओल काढतोय, दुसरा ओततोय.

दुसरी चूक बोरच्या पाण्याची. वाफ होऊन जातं ते फक्त पाणी, क्षार टाकीतच राहतात. लिटरला एक ग्रॅम क्षार असलेलं ४० लिटर पाणी रोज उडालं, तर रोज ४० ग्रॅम आणि महिन्याला सव्वा किलोच्या घरात क्षार तुमच्या कूलरमध्ये साठतात. लोक वरून पाणी ओतत राहतात, खालचं बूच सबंध उन्हाळ्यात उघडत नाहीत. मग बाजूच्या ताटीतलं गवत दगडासारखं होतं, त्यावर पाणी सोडणाऱ्या वरच्या पट्टीची भोकं बुजतात आणि ताटीवर कोरडे पट्टे पडतात. हवा शहाणी असते, ओल्या जागेपेक्षा त्या कोरड्या पट्ट्यातून सहज घुसते आणि तशीच गरम आत येते. माझा नेम असा: दर तीन-चार दिवसांनी टाकी पूर्ण रिकामी करायची, पट्टीची भोकं दाभणाने मोकळी करायची आणि गवत दरवर्षी नवं घ्यायचं. गवताऐवजी मधाच्या पोळ्यासारखं हनीकोंब पॅड असेल तर पाण्याच्या हलक्या धारेने धुवायचं, तारेच्या ब्रशने नाही. संडास धुवायचं ॲसिड टाकीत ओतणारे हुशारही भेटतात. त्याने लोखंड खाल्लं जातं आणि वास पंख्यातून थेट झोपलेल्या माणसाच्या नाकात.

टाकी रिकामी करताना आतल्या भिंतीही घासा. डेंगीच्या डासाची अंडी पाण्याच्या काठाला चिकटून राहतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत.

बर्फ टाकू नका. एक ग्रॅम बर्फ वितळताना ८० कॅलरी घेतो, एक ग्रॅम पाणी उडताना त्याच्या सातपट. शिवाय चालत्या कूलरमधलं पाणी आपोआपच गार झालेलं असतं. पाचेक मिनिटांची मजा आणि बर्फाचे पैसे पाण्यात.

आधी पंप, दोन-चार मिनिटांनी पंखा. एवढा धीर धरवत नाही त्यांना पहिला झोत गरम फुफाट्याचा मिळतो.

माठालाही लोक असाच छळतात. शोभेचा म्हणून ऑइलपेंट दिलेला माठ घेतात आणि पाणी गार होत नाही म्हणून कुंभाराला बोल लावतात. रंगाने छिद्रं बुजली तर पाणी पाझरणार कसं आणि उडणार कसं? साधा माठ घ्या, घडवंचीवर वाऱ्याच्या वाटेत सावलीत ठेवा, आत साबण लावू नका.

शेवटची गोष्ट करंटची. लोखंडी कूलर, ओली फरशी, अनवाणी पोरं. पाणी भरताना प्लग काढायचाच, नुसतं बटण बंद करून भागत नाही. तीन पिनांचा प्लग दोन भोकांच्या बोर्डात बसावा म्हणून अर्थिंगची पिन कापून आणणारी माणसं दर उन्हाळ्यात दुकानात येतात. नवा प्लग बसवल्याशिवाय मी त्यांच्या कूलरला स्क्रू-ड्रायव्हर लावत नाही, आणि घरी अर्थिंग आहे का हे वायरमनला दाखवल्याशिवाय तो चालू करू नका असं पावतीवर लिहून देतो.