दुकानाच्या पीसीवर विंडोज आणि उबंटू: ग्रब लावायचा तो दिवाणजींच्या सोयीनं

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या अडत दुकानात पीसी एकच असतो. दिवसभर विंडोजवर टॅली, पट्ट्या, जीएसटी. दुकान बंद झालं की इंजिनिअरिंगला असलेल्या मुलाला त्याच पीसीवर उबंटू (लिनक्सची एक मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) हवं असतं. दोन्ही टाकणं अवघड नाही, घोळ होतो तो सकाळी. पीसी सुरू होताना कोणती सिस्टिम उघडायची ते विचारणारा प्रोग्रॅम म्हणजे ग्रब; त्याच्या मेनूत पहिली ओळ उबंटूची असते, दहा सेकंदांत कुणी काही दाबलं नाही की तेच उघडतं, आणि दिवाणजी टॅली शोधत बसतात. म्हणून आपोआप विंडोजच उघडलं पाहिजे. ज्याला उबंटू हवंय त्याला बाणाचं बटण दाबता येतं.

कमांड इथं उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं वापरा. ‘ग्रब_’ने सुरू होणारी सेटिंगची नावं मात्र सगळी कॅपिटलमध्ये.

आधी विंडोजमध्ये

टॅलीच्या डेटाचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घ्या, आणि तो पेन ड्राइव्ह काढून ठेवा. मग विंडोज-आर दाबून ‘एमएसइन्फो३२’ चालवा आणि ‘बायोस मोड’ची ओळ बघा. पीसी सुरू करण्याच्या दोन पद्धती असतात, नवी यूईएफआय आणि जुनी लेगसी. तिथं यूईएफआय असेल तर उबंटू टाकायचा पेन ड्राइव्हही यूईएफआयमध्येच बूट करायचा, लेगसी असेल तर लेगसीत. एक यूईएफआय आणि दुसरं लेगसी असं टाकलं तर ग्रबला विंडोज सुरूच करता येत नाही. जुन्या डेस्कटॉपवर हे हमखास घडतं.

बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधी कागदावर लिहून घ्या. बूटचा क्रम किंवा सिक्युअर बूट (फक्त खात्रीची सिस्टिम सुरू होऊ देणारं सेटिंग) बदललं की विंडोज ती मागू शकतं, आणि त्या क्षणी ती त्याच पीसीत असून उपयोग नाही.

मग ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’. यानं फास्ट स्टार्टअप बंद होतं. ते चालू असलं की शटडाउन केल्यावरही विंडोज अर्धवट झोपलेलं राहतं. उबंटूतून ते ड्राइव्ह फक्त वाचता येतात, आणि कुणी जबरदस्तीनं त्यावर लिहिलं तर फायली बिघडतात.

उबंटू टाकताना नवं ईएफआय पार्टिशन (बूटच्या फायली राहतात तो डिस्कचा छोटा भाग) करू नका. विंडोजचं बहुतेक वेळा १०० एमबीचं असतं, ग्रबला तेवढं पुरतं.

मेनू लावणं

उबंटूच्या टर्मिनलमध्ये ‘सुडो नॅनो /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’ उघडा आणि या ओळी अशा करा. जी नसेल ती शेवटी टाका:

ग्रब_टाइमआउट_स्टाइल=मेनू
ग्रब_टाइमआउट=५
ग्रब_रेकॉर्डफेल_टाइमआउट=५
ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स

चौथी ओळ विसरू नका. ग्रब २.०६ पासून दुसरी सिस्टिम शोधणं मुळातच बंद ठेवलेलं असतं. विंडोज मेनूत दिसत नाही याचं कारण बहुतेक वेळा हेच. तिसरी ओळ आपल्याकडच्या लाइटसाठी. उबंटू सुरू होता होता लाइट गेली तर ग्रब ‘मागचं बूट फसलं’ अशी नोंद ठेवतो आणि पुढच्या वेळी मेनूवर ३० सेकंद थांबतो. ती नोंद उबंटू एकदा नीट सुरू झाल्याशिवाय जात नाही, त्यामुळे विंडोज उघडणाऱ्याला रोज सकाळी ताटकळावं लागतं.

फाइल सेव्ह करून ‘सुडो अपडेट-ग्रब’ चालवा. उत्तरात विंडोज बूट मॅनेजर सापडल्याची ओळ आलीच पाहिजे. आता ‘ग्रेप मेनूएंट्री /बूट/ग्रब/ग्रब.सीएफजी’ करून विंडोजच्या ओळीतलं अवतरणातलं नाव कंसासकट जसंच्या तसं कॉपी करा, ग्रब_डिफॉल्ट= पुढं दुहेरी अवतरणात टाका आणि पुन्हा अपडेट-ग्रब करा. बरेच जण नावाऐवजी आकडा टाकतात. मोजणी शून्यापासून असते, आणि मधे मेमरी टेस्टची ओळ वाढली की आकडा सरकतो. ग्रब.सीएफजीत हातानं बदल करू नका, उबंटूच्या कर्नलच्या (सिस्टिमच्या गाभ्याच्या) पुढच्या अपडेटला ती फाइल नव्यानं लिहिली जाते.

‘शेवटचं उघडलेलं तेच उघड’ अशीही सोय आहे. घरच्या लॅपटॉपला ती ठीक, दुकानाला नाही: रात्री उबंटू, की सकाळीही उबंटूच.

घड्याळाचंही बघा. उबंटू मदरबोर्डचं घड्याळ यूटीसीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं असलेल्या जागतिक वेळेवर) ठेवतं, विंडोज त्यालाच स्थानिक वेळ समजतं, म्हणून सकाळी साडेनऊला विंडोजमध्ये चार वाजलेले दिसतात. उबंटूत एकदाच ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ करा.

मेनू गायब झाला तर

विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर पीसी थेट विंडोजमध्ये जाऊ लागला तर लगेच फॉरमॅटची भाषा नको. ग्रब सहसा जागेवरच असतो, फक्त क्रम बदललेला असतो. सुरू करताना एफ१२, एफ११, एफ९ किंवा एस्केप (कंपनीप्रमाणे) दाबून बूट मेनूतून उबंटू निवडा. मग ‘सुडो ईएफआयबूटएमजीआर’ चालवून क्रमांक बघा. उबंटू ०००३ आणि विंडोज ०००० असेल तर ‘सुडो ईएफआयबूटएमजीआर -ओ ०००३,००००’. यादीतले बाकीचे क्रमांकही पुढं लिहा, नाहीतर ते क्रमातून गळतात. काही मदरबोर्ड हे जुमानत नाहीत. तिथं बायोसमध्ये जाऊनच क्रम लावावा लागतो.

बूट मेनूत उबंटूच नसेल तर लाइव्ह पेन ड्राइव्ह (ज्यावरूनच उबंटू चालतं असा) लागेल, तोही यूईएफआयमध्येच बूट केलेला. नाहीतर ईएफआय व्हेरिएबल चालत नाहीत असं सांगून काम अडतं. ‘एलएसबीएलके -एफ’नं पार्टिशन ओळखा. उबंटूचं पार्टिशन आधी /एमएनटीवर माउंट करा, ईएफआयचं त्यानंतर /एमएनटी/बूट/ईएफआयवर. डेव्ह, प्रॉक आणि सिस ‘माउंट --आरबाइंड’नं आत जोडा, ‘सीएचरूट /एमएनटी’ करा, मग ‘ग्रब-इन्स्टॉल’ आणि ‘अपडेट-ग्रब’.

उबंटू नको झालं म्हणून विंडोजमधून नुसतं पार्टिशन उडवलं की दुसऱ्या दिवशी काळ्या पडद्यावर ‘ग्रब>’ एवढंच येतं. तिथं ‘एक्झिट’ टाइप केलं तर बहुतेक पीसी पुढच्या नोंदीवर, म्हणजे विंडोजवर जातात. उबंटू काढायचंच असेल तर ते चालू असतानाच विंडोज क्रमात पहिलं आणा, ‘सुडो ईएफआयबूटएमजीआर -बी ०००३ -बी’नं (पहिला बी लहान, दुसरा कॅपिटल) उबंटूची नोंद पुसा, आणि पार्टिशनला हात त्यानंतर लावा.