गाडी स्टार्ट होत नाही? आधी आवाज ऐका, मग पाना उचला

बटण दाबलं आणि दुचाकी चालू झाली नाही की काही जण तेच बटण दाबत राहतात, काही जण सरळ नवी बॅटरी टाकून मोकळे होतात. पहिल्यात उरलीसुरली बॅटरी जाते, दुसऱ्यात पैसे. मुळात या तक्रारीत दोन वेगळे बिघाड असतात. एक, इंजिन फिरतच नाही. दोन, इंजिन फिरतं पण पेट घेत नाही. यातलं आपलं कुठलं, हे ठरल्याशिवाय एकही बोल्ट खोलू नका.

त्याआधी हँडलवरचा लाल किल स्विच (इंजिन बंद करणारं बटण) बघा. गाडी पुसताना किंवा पार्किंगमध्ये पोरांच्या हाताने तो दाबला जातो आणि मालक तासभर किक मारत बसतो. गाडी न्यूट्रलला आणा, साइड स्टँड वर घ्या, क्लच पूर्ण दाबा. काही गाड्या न्यूट्रलमध्येही क्लच दाबल्याशिवाय सेल्फ घेत नाहीत, स्कूटरला ब्रेक दाबावा लागतो. कार्ब्युरेटरची गाडी असेल तर पेट्रोलचा कॉक उघडा आहे ना, तेही बघा.

इंजिन फिरत नसेल तर

बटण दाबून कान द्या. 'टकटकटक' असा झरझर आवाज आला आणि मीटरचे दिवे मंदावले, तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल आहेत. टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर जमला असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या ब्रशने घासा, कोरडं करा, बोल्ट घट्ट आवळा. वायर काढताना आधी निगेटिव्ह, जोडताना निगेटिव्ह शेवटी. निगेटिव्हची वायर जिथे चासीला किंवा इंजिनला बसते तो बोल्टही घासा. बॅटरी ठणठणीत असूनही सेल्फ रडत असेल तर दोष बऱ्याचदा या अर्थिंगमध्येच निघतो.

साधा डिजिटल मल्टिमीटर असेल तर अंदाजाने बोलायची गरज राहत नाही. गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर 12.6 व्होल्टच्या आसपास आकडा दिसला तर बॅटरी भरलेली आहे. 12 च्या खाली असेल तर आधी चार्ज करा. मग सेल्फ मारताना आकडा बघा. तो साडेनऊच्या खाली कोसळत असेल, तर नुसत्या उभ्या गाडीवर 12.6 दाखवणारी बॅटरीही आतून खलास असू शकते.

एकच जोरदार 'खट्' आला आणि पुढे काही नाही, तर रिले (मोटारीला करंट सोडणारा स्विच) हलतोय पण मोटारीपर्यंत पुरेसा करंट जात नाही. बॅटरी चांगली असेल तर रिलेचे आतले पॉइंट जळालेले असतात किंवा मोटारीचे कार्बन ब्रश झिजलेले. मोटार 'घुर्रर्र' करून मोकळीच फिरत असेल तर मोटारीची फिरकी इंजिनला देणारा सेल्फचा वन-वे क्लच गेला. ते काम गॅरेजचं. आणि अगदीच शांतता असेल तर फ्यूज, क्लचखालचा छोटा स्विच आणि स्टार्टचं बटण, या क्रमाने बघा. पावसाळ्यात बटणात पाणी शिरतं. फ्यूज उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा टाका. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळण्याची जुनी युक्ती वायरिंग जाळते.

कुठल्याही तपासणीत सेल्फ एका दमात पाच सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये दहा-पंधरा सेकंद थांबा.

इंजिन फिरतं, पण पेट घेत नाही

इथे स्पार्क प्लग खरी हकीकत सांगतो. प्लगपान्याने तो काढा (पल्सर 150 डीटीएसआयला दोन, एनएस 200 ला तीन असतात). टोक ओलं आणि पेट्रोलचा वास येत असेल तर पेट्रोल पोचतंय, ठिणगी नाही किंवा इंजिन 'ओव्हर' झालंय, म्हणजे जास्तीच्या पेट्रोलने भिजलंय. टोक कोरडं असेल तर पेट्रोलच येत नाही. काळं कुळकुळीत असेल तर तारेच्या ब्रशने साफ करा. प्लगच्या टोकाची फट साधारण 0.7 ते 0.8 मिलिमीटर असते, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत मिळेल.

ठिणगी बघायची सुरक्षित रीत अशी: एक प्लगवाल्या गाडीत जुना प्लग पुन्हा जागेवर बसवा, म्हणजे भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येणार नाही. प्लगच्या वायरच्या कॅपमध्ये दुसरा प्लग लावा, त्याचा धातूचा भाग रंग नसलेल्या जागी इंजिनला टेकवा आणि किक किंवा सेल्फ मारा. प्लग हातात धरू नका, झटका जबर असतो. निळसर, टणक ठिणगी हवी. पिवळी, मरगळलेली किंवा काहीच नसेल तर कॅप, मग कॉइल, मग सीडीआय (ठिणगी कधी पडायची ते ठरवणारा डबा), असं एकेक बघत जा. पावसात बंद पडलेल्या गाडीत कॅपमधलं पाणी पुसून काढल्यावर बऱ्याचदा काम भागतं.

इंजिन ओव्हर झालं असेल तर चोक बंद करा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळून धरा आणि सेल्फ मारा. प्लग कोरडा असेल तर टाकीचं झाकण उघडून प्रयत्न करा. झाकणातलं हवेचं छिद्र बुजलं की पेट्रोल खाली उतरत नाही.

एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्यांत बहुतेक ठिकाणी फ्युएल इंजेक्शन आहे. तिथे चावी फिरवल्यावर टाकीतून दोन-तीन सेकंद पंपाची गुणगुण ऐकू यायला हवी. ती नसेल तर पंपाचा फ्यूज किंवा रिले बघा. बॅटरी पूर्ण बसली असेल तर अशी गाडी ढकलून चालू होण्याची आशा फारशी धरू नका, कारण पंप आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर) दोघांना बॅटरी लागते. जुन्या कार्ब्युरेटरवाल्या कम्युटर गाड्या मात्र बॅटरी मेलेली असतानाही किकवर घेतात, कारण अनेकींत ठिणगीचा करंट थेट मॅग्नेटोमधून, म्हणजे इंजिनसोबत फिरून वीज बनवणाऱ्या भागातून येतो.

ठिणगी चांगली, पेट्रोल येतंय, आणि किक मात्र लोण्यातून गेल्यासारखी हलकी लागतेय? मग कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनातला दाब, गेलंय. व्हॉल्व्ह किंवा रिंगचं काम, गाडी टेम्पोत घालून गॅरेजला न्या.

गाडी चालू झाली तर लगेच चावी बंद करू नका. अ‍ॅक्सिलरेटर थोडा देऊन बॅटरीवर मल्टिमीटर लावा. 13.5 ते 14.5 व्होल्ट दिसले तर चार्जिंग ठीक. 13 च्या खालीच अडकलं तर रेक्टिफायर (मॅग्नेटोची वीज बॅटरीजोगी करणारा भाग) किंवा मॅग्नेटो कॉइल तपासून घ्या, नाहीतर उद्या घातलेली नवी बॅटरीही आठवड्याभरात तशीच बसेल.