दुसरी गाडी म्हणून मध्यम अ‍ॅडव्हेंचर टूरर घेताना काय बघायचं

अ‍ॅडव्हेंचर टूरर म्हणजे डांबरावरचा लांब प्रवास आणि कच्चा रस्ता, दोन्हींसाठी बनवलेली उंच मोटरसायकल. एकच गाडी असते तेव्हा तिला सगळंच करावं लागतं. दुसऱ्या गाडीवर ती सक्ती नसते, आणि हाच तिचा मोठा फायदा. तरीही बहुतेक जण हॉर्सपॉवरचे आकडे शेजारी मांडून बसतात आणि शेवटी पहिल्या गाडीचीच जरा उंच, जरा जड भावंड घरी आणतात. काम एकच, पण विमा, टायर, चेन आणि बॅटरीचा खर्च दोनदा.

म्हणून सुरुवात नव्या गाडीपासून नको, घरात उभ्या असलेल्या गाडीपासून करा. तिच्यावर कुठे जायचं टाळता? पहिली गाडी अडीचशे किलोची मोठी टूरर असेल तर मोकळ्या खडीवर आणि चिखलात ती नकोशी होते. तिच्या जोडीला २०५ किलोच्या आसपासची, पुढे २१ इंची चाक असलेली गाडी शोभते. पहिली स्पोर्ट किंवा नेकेड (बाहेरचं आवरण नसलेली) असेल तर अडचण खराब डांबराची, सामानाची आणि दिवसभराच्या बैठकीची असते. तिथे १९ इंची चाक आणि १५० ते १७० मिलिमीटर सस्पेन्शन ट्रॅव्हल (चाक वर-खाली किती हलू शकतं ते) बहुतेकांना पुरतं. पहिली दीडशे-दोनशे सीसीची रोजची गाडी असेल तर उणीव हायवेवरची आहे. मग दोन सिलिंडरचं इंजिन आधी, बाकी सगळं नंतर.

कच्चा रस्ता किती चालवणार, याचं उत्तर प्रामाणिकपणे द्या. मनातला आकडा बहुधा ४० टक्के असतो, प्रत्यक्षातला १०. त्या दहा टक्क्यांसाठी उंच सीट, अरुंद पुढचा टायर आणि ब्रेक लावल्यावर खोल बसणारा फोर्क (पुढचं सस्पेन्शन) उरलेल्या नव्वद टक्के रस्त्यावर सोसायचा का, हे आधीच ठरवा.

वजन

मध्यम वर्गाची हद्द साधारण ४०० ते ९०० सीसी, ४० ते १०५ हॉर्सपॉवर. पण सीसीवरून वजनाचा अंदाज बांधू नका. रॉयल एनफिल्ड हिमालयन ४५० एक सिलिंडरची, ४५२ सीसीची, आणि वजन १९६ किलो. यामाहा टेनेरे ७०० दोन सिलिंडरची, ६८९ सीसी, सुमारे २०५ किलो. म्हणजे सव्वादोनशेहून जास्त सीसीचा फरक आणि वजनात जेमतेम नऊ किलो. अप्रिलिया तुआरेग ६६० आणि होंडा ट्रान्सअल्प ७५० याच पट्ट्यात, २०४ आणि २०८ किलो. सुझुकी व्ही-स्ट्रॉम ८००डीई मात्र २३० वर जाते. हे सगळे आकडे पेट्रोल-ऑइल भरलेल्या गाडीचे, म्हणजे कर्ब वेटचे. कुणी ड्राय वेट सांगत असेल तर त्यात पेट्रोल धरलेलं नसतं. एक लिटर पेट्रोल पाऊण किलो भरतं, त्यामुळे २० लिटरची टाकी एकटीच १५ किलो वाढवते.

यावर तुम्ही काय लादणार, तेही मोजा. लोखंडी क्रॅश गार्ड ४ ते ६ किलो, सेंटर स्टँड आणखी चारेक किलो, अ‍ॅल्युमिनियमचे दोन डबे आणि त्यांची फ्रेम रिकामीच १५ ते १८ किलो. मऊ पिशव्या घेतल्या तर यातले दहाएक किलो वाचतात, आणि गाडी पडली तर पाय डब्याखाली अडकून मोडण्याचा धोकाही कमी होतो. एकट्याने कच्च्या रस्त्यावर जाणाऱ्याने टणक डबे घेऊच नयेत.

वजनक्षमता हा आकडा कुणी विचारत नाही, आणि नेमका तोच दोघांच्या प्रवासात नडतो. गाडीच्या प्लेटवर किंवा मॅन्युअलमध्ये कमाल एकूण वजन लिहिलेलं असतं. त्यातून कर्ब वेट वजा करा. समजा, कमाल ३९० आणि कर्ब २०५, तर हातात १८५ किलो उरले. रायडर जॅकेट-बुटांसकट ९०, मागे बसणारी व्यक्ती ६५, झाले १५५. क्रॅश गार्ड ५, डबे आणि फ्रेम १७. आता कपडे, हत्यारं, पाणी आणि तंबू मिळून फक्त आठ किलोची जागा आहे. दोघांनी नेहमी जाणार असाल तर हा हिशेब गाडी बघायला जाण्याआधी घरीच करा, यादीतली निम्मी नावं आपोआप गळतात.

शेवटची परीक्षा उचलण्याची. शोरूममध्ये गाडी आडवी पाडू देणार नाहीत, पण ओळखीच्या कुणाची तीच गाडी असेल तर गवतावर एकदा आडवी करून बघा. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच उघडून ठेवा. गिअर टाकलेला हवा. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवा, पाठ सीटला टेकवा, एका हाताने खालचं ग्रिप आणि दुसऱ्याने मागचं ग्रॅब रेल धरा, आणि पायांच्या जोरावर लहान पावलं टाकत मागे सरका. कमरेतून उचलायला जाल तर पाठ धरेल. एकट्याने दोनदा लागोपाठ उचलता आली नाही तर ती गाडी एकट्याने आडवाटेला नेण्याची नाही.

चाकं आणि टायर

२१ इंची पुढचं चाक खड्ड्याच्या कडेवर आणि दगडावर सहज चढतं, कारण त्याचा व्यास मोठा आणि अडथळ्याशी होणारा कोन कमी. त्याची किंमत डांबरी वळणावर मोजावी लागते: ९०/९०-२१ टायर अरुंद, वळण घ्यायला गाडी किंचित आळशी. १९ इंची चाकाला ११०/८० टायर येतो, पावसात आणि ब्रेकिंगमध्ये भरवसा जास्त. कावासाकी व्हर्सिस ६५० सारख्या गाडीला पुढे-मागे १७ इंची चाकं आहेत. ती उंच बैठकीची रोड टूरर आहे, कच्च्या रस्त्याची नव्हे. तिला त्या कामाला लावून तिच्यावर चिडू नका.

अलॉयचं चाक जोरात दगडावर आपटलं तर तडा जाऊ शकतो किंवा कड वाकते आणि हवा टिकत नाही. स्पोकचं चाक वाकूनही घरी आणतं. पण स्पोक म्हणजे टायर ट्यूबलेस नाहीच, असंही नाही. तुआरेग ६६० आणि सुझुकी व्ही-स्ट्रॉम ६५० एक्सटी या गाड्यांना ट्यूबलेस स्पोक चाकं मिळतात. टेनेरे ७००, ट्रान्सअल्प ७५० आणि ८००डीई यांना ट्यूब लागते. फरक पंक्चरच्या वेळी कळतो. ट्यूबलेसला चाक न काढता प्लग मारून दहा मिनिटांत निघता येतं. ट्यूब असेल तर चाक काढायचं, लिव्हरने टायर उतरवायचा, ट्यूब बदलायची. सरावलेल्या हातालाही पाऊण तास. सोबत फक्त २१ इंची ट्यूब ठेवली तरी चालतं, कारण ती अडीनडीला मागच्या १७ किंवा १८ इंची चाकात बसवून हळूहळू गाव गाठता येतं. लहान ट्यूब मोठ्या चाकात ताणून बसवायला मात्र जाऊ नका.

सीटची उंची

८७५ मिलिमीटर वाचून घाबरण्याआधी बसून बघा, आणि ज्या बुटांत चालवणार तेच बूट घालून बसा. उंचीइतकीच सीटची रुंदी महत्त्वाची, कारण रुंद सीट मांड्या फाकवते आणि पाय आखूड पडतात. दोन्ही टाचा टेकायलाच हव्यात असं नाही. जरा बाजूला सरकून एक पाय पूर्ण टेकला की पुरे. तरीही कमी पडत असेल तर आधी कंपनीची लो सीट बघा. लोअरिंग लिंक हा शेवटचा उपाय: मागची बाजू खाली येते, ग्राउंड क्लिअरन्स जातो, आणि फोर्क क्लॅम्पमधून तेवढाच वर सरकवला नाही तर गाडी वळायला जड होते. शिवाय साइड स्टँड आता लांब पडतो, आणि उभी केलेली गाडी सरळ राहून वाऱ्याने पलीकडे पडते.

इंजिन आणि पल्ला

एक सिलिंडर हळू वेगात, चढावर, खडीवर गोड वाटतो. ताशी ११० च्या पुढे, मागे माणूस आणि डबे असताना मात्र ४० हॉर्सपॉवरकडे ओव्हरटेकसाठी फारसं काही शिल्लक नसतं. आजच्या बहुतेक दोन सिलिंडरी अ‍ॅडव्हेंचर इंजिनांचा क्रँक (पिस्टनच्या हालचालीने फिरणारा दांडा) २७० अंशांचा असतो. फायरिंग समान अंतराने होत नाही आणि मागचा टायर कच्च्यावर पकड टिकवतोय की नाही, हे पायाखाली चांगलं जाणवतं. ७० ते ९० हॉर्सपॉवर या कामाला भरपूर झाले.

टाकीच्या लिटरमधून तीन लिटर वजा करा आणि उरलेल्याला खऱ्या मायलेजने गुणा. १६ लिटर, लिटरला २२ किलोमीटर, म्हणजे कामाचा पल्ला सुमारे २८५. डबे आणि समोरचा वारा असेल तर त्यातून आणखी १५ टक्के कापा.

व्हॉल्व्ह क्लिअरन्स (इंजिनातल्या व्हॉल्व्हची फट) तपासणीचं अंतर मॅन्युअलमध्ये बघा. व्ही-स्ट्रॉम ६५० ला ते २४ हजार किलोमीटर आहे. काही गाड्यांना बरंच जास्त, काहींना बरंच कमी. हे काम टाकी काढून करायचं असल्याने मजुरी जास्त लागते. चेनला पर्याय हवा असेल तर या वर्गात शाफ्ट (चाक फिरवणारा दांडा) असलेली मोटो गुझ्झी व्ही८५ टीटी आहे. देखभाल कमी, वजन जास्त.

सस्पेन्शन आणि एबीएस

मागच्या शॉकचा प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबलेली आहे ते) हाताने फिरवता येतो की त्यासाठी पाना लागतो, ते बघा. पाना लागत असेल तर सामान चढवल्यावर तो कुणीही फिरवत नाही, आणि हेडलाइट झाडांकडे बघत राहतो. सॅग (बसल्यावर सस्पेन्शन किती दबतं ते) मोजायची पद्धत सोपी आहे. मागचं चाक हवेत असताना अ‍ॅक्सलपासून सरळ वर शेपटीवरच्या एका खुणेपर्यंत अंतर घ्या. मग सगळ्या कपड्यांत गाडीवर बसून, दुसऱ्याकडून तेच अंतर पुन्हा घ्या. फरक एकूण ट्रॅव्हलच्या सुमारे ३० टक्के हवा. २०० मिलिमीटर ट्रॅव्हलला ६० मिलिमीटर. हा आकडा आणण्यासाठी प्रीलोड इतका घट्ट करावा लागला की रिकामी गाडी स्वतःच्या वजनाने जवळजवळ बसतच नाही, तर स्प्रिंग मऊ आहे आणि तीच बदलावी लागेल.

एबीएसबाबत (ब्रेक लावल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) एकच प्रश्न विचारा: निदान मागचा बंद होतो का, आणि इग्निशन बंद केल्यावर सेटिंग टिकतं का? मोकळ्या खडीच्या उतारावर चालू एबीएस ब्रेक सतत सोडत राहतो आणि गाडी थांबतच नाही. होंडा एनएक्स५०० वर तो बंद करायची सोय नाही. डांबरावर काही फरक पडत नाही, लांब खडीच्या उतारावर पडतो. बाकी रंगीत स्क्रीन आणि पाच-पाच रायडिंग मोड यांवर फारसा विचार खर्चू नका.

चालवून बघताना निदान पाच मिनिटं उभं राहून चालवा. हँडलसाठी कमरेतून वाकावं लागतं का, गुडघे टाकीला धरतात का, मागचा ब्रेक पायाखाली येतो का? राइझर (हँडल उंच करणारे तुकडे) आणि पेडलच्या सेटिंगने थोडं सुधारतं. टाकीच्या आकाराने गुडघे फाकत असतील तर मात्र इलाज नाही. विंडस्क्रीनची परीक्षा ताशी ९० ला: हेल्मेट थरथरत असेल तर जरासं उभं राहा, थरथर थांबली तर स्क्रीनची उंची चुकीची आहे.

जुनी घेत असाल तर

क्रॅश गार्डवरचे ओरखडे हा दोष नाही, ही गाडी तेवढ्यासाठीच असते. बॅश प्लेटच्या (इंजिनाखालच्या संरक्षक पत्र्याच्या) आत टॉर्च मारून क्रँककेसवर तडा किंवा ऑइलचा ओलावा आहे का ते बघा. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश इकडून तिकडे फिरवा. बरोबर मध्ये अडकल्यासारखं झालं तर स्टिअरिंग हेड बेअरिंग गेलं. स्पोकवर पान्याने हलकेच टकटक करा, ढिला स्पोक बोथट वाजतो. मागून सरळ रेषेत पाहिलं की डब्यांच्या ओझ्याने वाकलेली सबफ्रेम (सीट आणि डबे पेलणारा मागचा सांगाडा) दिसते. ती फ्रेमला वेल्ड केलेली असेल तर सौदा सोडा. जोडलेल्या दिव्यांच्या वायरींना फ्यूज आहे का, तेही बघा. टायरवरच्या चार अंकांतले पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष: २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर दिसली तरी असा टायर आता बदलायच्या हिशेबातच धरा.

दुसरी गाडी बरेच दिवस उभी राहते, त्याची सोय घेतानाच करा. ट्रॅकर आणि अलार्म बंद गाडीतही बॅटरी खातात. साध्या लेड-अ‍ॅसिड किंवा एजीएम बॅटरीचं व्होल्टेज १२.४ च्या खाली गेलं की चार्जर लावा. लिथियम बॅटरीला तिचाच चार्जर लागतो. दर आठवड्याला जागेवर पाच मिनिटं इंजिन चालवण्याची सवय मात्र गाडीचं नुकसान करते: ऑइल नीट तापत नाही आणि सायलेन्सरमध्ये पाणी साचतं. त्यापेक्षा पंधरवड्याला अर्धा तास फिरवून आणा. लोखंडी टाकी उभ्या गाडीत काठोकाठ भरून ठेवा. आणि लांब ट्रॅव्हलच्या गाडीची चेन इतर गाड्यांपेक्षा ढिली ठेवायची असते, कारण सस्पेन्शन दबून पुढचा स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) पिव्हट आणि मागचा अ‍ॅक्सल एका रेषेत आले की ती सगळ्यात ताणली जाते. पहिल्या गाडीच्या सवयीने घट्ट केली तर आधी गिअरबॉक्सच्या शाफ्टचं सील गळतं, मग बेअरिंग जातं.